गोधडीला लागणारा वेळ

आमच्या परिचयाचे कित्येक समंजस गृहस्थ असें विचारतात कीं, यंत्रावर विणलेलें उबदार पांघरूण बाजारांत थोडक्या पैशांत मिळत असतां, घरांतील बायकांनीं एका गोधडीसाठीं कित्येक दिवस घालवावे हें शहाणपणाचें आहे काय? प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा दिसतो, पण तो नीतीचाही आहे. वेळेचा सदुपयोग कोणता व अपव्यय कोणता, हें ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

प्रथम तें काम कसें असतें तें पाहूं. विरलेलीं लुगडीं, धोतरें व मुलांचे फाटके सदरे धुऊन घ्यावयाचे. ओसरीवर त्यांचे थर सारखे पसरावयाचे. त्यांवर रंगीत तुकडे मांडावयाचे. आणि कांठापासून आरंभ करून मध्याकडे जवळ जवळ धांवदोरा घालीत जावयाचें. कागदाचेंही तसेंच. रद्दी भिजत घालून ती कुटावी, त्या लगद्यांत भिजवून वाटलेली मेथी घालावी, आणि जुन्या टोपलीला किंवा सुपाला तो लिंपून उन्हांत वाळवावा, म्हणजे भोकें बुजून आंतलें पीठ सांडत नाहीं. एके काळीं जुन्नर येथें होणारा हातकागद प्रसिद्ध होता. आणि १९४० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या हातकागद संस्थेंत सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद करीत आले आहेत. सारांश, टाकाऊ म्हणून कोपऱ्यांत पडलेली वस्तु हातांच्या कष्टानें पुन्हा उपयोगीं येते.

परंतु काटकसर एवढाच ह्या कामाचा गुण असता, तर वरील गृहस्थांचें म्हणणें आम्हांस मान्य करावें लागलें असतें. कारण प्लास्टिकची टोपली व गिरणीचें पांघरूण ह्यांपुढें तो हिशेब आज पुष्कळ ठिकाणीं टिकत नाहीं. खरा लाभ निराळा आहे. जी स्त्री दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत निंदणी करते, तिनें कोणती पात धरावी हें दुसरा सांगतो. घरीं गोधडी मांडतांना मात्र तांबड्या तुकड्याशेजारीं हिरवा ठेवावा कीं पिवळा, हें ती स्वतः ठरविते. तेवढ्या वेळापुरती ती कोणाची चाकर नव्हे. शिवाय आजीचें लुगडें नातवाच्या अंगावर येतें, आणि तें कोणाचें हें त्याला सांगितलें जातें. हा आनंद निरुपयोगी आहे असें कोण म्हणेल?

येथें लेखणी खालीं ठेवली असती तर बरें वाटलें असतें; पण एक गोष्ट आठवते. एका खेड्यांत एका घरीं आम्ही गोधडीची फार वाखाणणी केली. तेव्हां घरची बाई म्हणाली, "दादा, समद्यांची जेवणं उरकून ती निजली, मंग चिमणीपाशी बसून शिवली. हौस कशाची? पोरं गारठत व्हती." हें ऐकून आम्ही खजील झालों. आम्ही जिला हौस समजत होतों ती तिची रात्रीची झोंप होती.

सुई तीच, दोरा तोच. पण एका घरीं तें काम विसांवा होतें, आणि दुसऱ्या घरीं दळण, पाणी, सरपण ह्यांवर आणखी एक ओझें होतें. भेद आहे तो फुरसतीचा, आणि 'आज नको' असें म्हणण्याच्या मोकळिकीचा. कोणी म्हणेल, गरिबाच्या घरीं फुरसत कोठून? खरें आहे, परंतु असेल तेवढी सर्वांनीं वांटून घेतां येते. जो पुरुष पत्नीच्या शिवणाची पाहुण्यांपुढें स्तुति करतो, पण पाण्याची घागर कधीं उचलीत नाहीं, त्याची स्तुति फुकट होय. शहरांत आज अशा गोधड्यांना मागणी आहे. तेथें कामाची वाखाणणी करून लगेच मोलांत घासाघीस करणारें गिऱ्हाईकही त्याच मापाचें.

म्हणून त्या गृहस्थांना आमचें उत्तर असें: गोधडीला किती दिवस लागले हें मागाहून विचारा, ते दिवस कोणी दिले व कोणत्या मनानें दिले हें आधीं विचारा. प्रिय वाचकहो, पुढच्या वेळीं घरांत जुनीं लुगडीं बाहेर निघतील तेव्हां आपणही सुई घेऊन एका कांठाला बसावें, आणि मुलांनीं रद्दी भिजत घालावी. आपले टांके वांकडे येतील, येऊं द्यावे. त्या दिवशीं घरच्या बाईला आपल्या मनासारखा रंग निवडावयास वेळ मिळेल.