डोळ्यांतले पाणी कोठे जाते?



फेब्रुवारी २०२० मध्ये झी मराठीवरील 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका संपत आली होती. संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे आपल्याच जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. 'राजा शिवछत्रपती' मालिकेत शिवराय साकारले तेही त्यांनीच. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने ज्यांना हालहाल करून मारले, तो कैदेतही मान न झुकवणारा राजा त्यांनी असा उभा केला, की आमच्या घरात कोणी कोणाशी बोलेना. दुसऱ्याच्या रानात राबून मला घरातला पहिला पदवीधर करणारे माझे वडील उपरण्याने डोळे पुशीत होते. मीही रडलो. त्या अश्रूंची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

त्याच दिवसांत मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातील मुले मालिकेचा खेळ खेळत. संभाजी महाराज रोज नवा होई. औरंगजेब मात्र रोज एकच, वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा. मी ते पाहत होतो आणि पोरखेळ म्हणून हसत होतो. एके दिवशी तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, मी संभाजीमहाराज कधी होणार?" मला उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, पोत्यावर वेगळे बसविलेल्या भिवाचे आपण वारस. जन्मावरून पोराची जागा ठरते ती कशी, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही माझ्या डोळ्यांदेखत ती ठरत होती.

संयुक्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. लोकांना रिझविणारा नट मेल्यावर देवांच्या संगतीत जातो, असे जुने गुरू सांगतात, ते खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी दोनदा त्याला थांबविले. तिसऱ्यांदा सांगितले, की माणसांच्या मनात राग, द्वेष आणि मोह आधीच असतात. ते वाढविणाऱ्या, स्वतः बेभान होऊन इतरांना बेभान करणाऱ्या नटाची अधोगती होते. तालपुट रडला. पण तो रडून थांबला नाही. भिक्खू झाला, अर्हत झाला.

येथे स्वर्ग-नरक बाजूला ठेवा. तथागतांनी दिलेले माप घ्या. ते नटाला जसे लागू, तसेच पाहणाऱ्यालाही लागू. नाटक संपल्यावर आपल्या मनात काय वाढले? अन्यायापुढे न वाकण्याचे धैर्य वाढले, तर नटाची कला सार्थकी लागली. शेजाऱ्याचा द्वेष वाढला, तर चूक अभिनयाची नसते. आपण ते पाणी भलत्याच वाफ्यात सोडले.

शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता. आणि ज्या शिवनेरीवर शिवराय जन्मले, त्याच डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. तो परदेशी वंशाचा होता. संघाने त्याचे दान घेतले आणि त्याचे नाव दगडात कोरले गेले. सुमारे दोन हजार वर्षे ते आपल्या डोक्यावरच्या कड्यात आहे, आणि आपण पायथ्याशी राहून ते वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. त्या मुलाला संभाजी महाराजांची चिठ्ठी आली नाही, मावळ्याची आली. तेवढ्यानेही तो उड्या मारीत पळाला. औरंगजेबाची चिठ्ठी वर्गातल्या सर्वांत दांडग्या पोराला आली. तो रुसला. एक दिवस तेथे उभे राहिल्यावर कसे वाटते, ते त्यालाही कळले.

यापुढे पडद्यावर बाबासाहेब दिसोत, शिवराय दिसोत वा संभाजीराजे, डोळे भरून आले तर खुशाल रडा. मात्र टीव्ही बंद केल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या पाण्याने माझ्यात करुणा पिकली, की द्वेष?

नमो बुद्धाय! जयभीम!