तांडेलाचा नकार

समुद्रापासून शेकडो मैल दूर, लखनौच्या हजरतगंजात, रविवारच्या उपासनेनंतर आम्हां चार मराठी मंडळींत एक वाद निघाला. आमच्यांतील एका गृहस्थांनी सुट्टीत मालवणकडे जाऊन गळाने मासे धरण्यासाठी दिवसाच्या भाड्याने होडी ठरविली होती व रक्कम आगाऊ दिली होती. ऑक्टोबरचे अखेरचे दिवस, आकाश निरभ्र; तरीही तांडेलाने वाऱ्याचा रंग पाहून होडी बाहेर काढण्यास नकार दिला. दुपारी वारा फारसा चढलाच नाही, हे त्यांचे विशेष दुःख. "पैसे आमचे, जीव आमचा; मग निर्णय त्याचा कसा?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रथम वाऱ्याविषयी. आश्विन-कार्तिकात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. पाणी शांत असते, होडी सुखाने बाहेर पडते. दुपारी समुद्राकडून खारा वारा चढतो. अशा वेळी खाडीच्या मुखातून ओहोटीचे पाणी बाहेर धावत असले, की समोरून येणाऱ्या वाऱ्याने लाटा उभ्या राहून फुटू लागतात. पाहुणा जातानाचे पाणी पाहतो, तांडेल येतानाचे. त्यातच ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातील वादळांचा काळ. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात असलेले कित्येक मच्छीमार घरी परतलेच नाहीत. ते पोटासाठी गेले होते. सुरमईच्या हौसेने जाणाऱ्याने एवढा भेद तरी ध्यानी ठेवावा. आणि "जीव आमचा" हेही खरे नाही. होडीत तांडेल असतो, त्याच्या हाताखालचा गडी असतो. होडी परतली नाही, तर शोधासाठी गावातील इतर होड्या त्याच वाऱ्यात बाहेर पडतात.

तेव्हा जाणत्याचे ऐकावे, असे म्हणून हा विषय संपविता आला असता. परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय तसे करू देत नाही. तेथेही ऋतू हाच आहे. उपवासाचा दिवस होऊन गेला आहे आणि समुद्रप्रवास धोक्याचा झाला आहे. पौल हा कैदी. तो पुढे न जाण्याचा इशारा देतो. शताधिपती मात्र तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकतो. मंद दक्षिण वारा सुटतो, सर्वांस वाटते की बेत साधला. मग वादळ. गहू समुद्रात टाकावा लागला, तारू फुटले. २७६ माणसे तेवढी वाचली.

येथे जाणताच चुकला. का चुकला? क्रेतातील ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते, हे कारण शास्त्रातच दिलेले आहे. तथापि मला दुसरीही एक गोष्ट दिसते. तांडेल एकटा बोलत नव्हता. त्याच्याबरोबर धनीही बोलत होता आणि तारू धान्याने भरलेले होते. अशा वेळी निघालेला होकार वाऱ्याचा अंदाज किती आणि धन्याची मर्जी किती, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे?

होडी भाड्याने घेणारा त्या दिवसापुरता हा धनीच असतो. 'नाही' म्हणताच तांडेलाची दिवसाची मिळकत बुडते, आगाऊ रक्कम परत करावी लागते, आणि पाहुणा दुसऱ्या होडीवाल्याकडे जातो तो वेगळाच. घरी चूल पेटवायची असलेल्या माणसाकडून मिळविलेल्या होकाराला आपण संमती म्हणतो; मला तो शब्द तेथे शोभत नाही असे वाटते. म्हणून माझे मत असे, की होडी ठरवितानाच बोलून ठेवावे: वाऱ्यामुळे निघणे झाले नाही, तरी दिवसाची मजुरी दिली जाईल, डिझेलचे तेवढे पैसे परत घ्यावे. बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असेल, तर बोलण्याचाही प्रश्न नाही.

दुपारी वारा पडलेलाच राहिला, तर? तरीही मजुरी देणेच योग्य. तांडेलाने पहाटे जे दिसत होते त्यावरून निर्णय केला, दुपार पाहून नव्हे. वादात एकाने शंका काढली, की मग एखादा लबाड तांडेल वाऱ्याचे निमित्त करून घरी बसेल व पैसे खिशात घालील. घालील, हे मी नाकारीत नाही. त्याने माझे काही रुपये जातील, आणि पुढच्या वर्षी मी दुसरी होडी शोधीन.