पाहिले कोणी? : लोणार, उत्क्रांती आणि प्रमाणाचा विवेक

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी ना सांगितले, ना लिहून ठेवले. सबब तो अभ्यासक्रमातून काढावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या म्हणण्याला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिविचार मुळात म्हणतच नाही; तो दोघांचा पूर्वज समाईक मानतो. परंतु एवढ्या दुरुस्तीने ‘पाहिले कोणी?’ हा प्रश्न निकालात निघत नाही. तो जीवशास्त्रापेक्षा प्रमाणमीमांसेचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो नैतिकही आहे. जे घडताना कोणी पाहिले नाही ते खरे मानण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो?

औरंगाबादच्या पूर्वेस, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हाच प्रश्न मूर्त रूपात समोर ठेवते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर निर्माण होतानाही कोणी पाहिलेले नाही. आख्यायिकेनुसार येथे भूमीखाली लवणासुर राहत असे आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेशी निगडित आहे. भूशास्त्रज्ञांपैकीही अनेकांनी हे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य मानले होते. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवून दिल्या. फेल्डस्पार वर्गातील खनिज न वितळताच काचेच्या अवस्थेत गेलेले होते; एवढा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. उल्काघाताला साक्षीदार नाही, पण त्याची खूण दगडात उरली आहे.

कार्यावरून कारणाकडे जाण्याच्या या रीतीला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ अनुमान ही संज्ञा आहे. नदीला आलेला पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे ठरवणे, हे वात्स्यायनाच्या भाष्यातील त्याचे उदाहरण होय. येथे पाऊस पाहणाऱ्याची साक्ष कोणी मागत नाही. प्रत्यक्षावाचून अन्य प्रमाण न मानण्याची भूमिका परंपरेने चार्वाकांच्या नावावर नोंदवली आहे. वेदांच्या गौरवार्थ उभारलेल्या व्यासपीठावरून तीच उचलली जावी, हे विलक्षण आहे. पूर्वजांच्या कथनाची मागणी ही शब्दप्रमाणाला धरून आहे, असा बचाव कोणी करील. परंतु शब्दप्रमाणाची मर्यादाही परंपरेनेच आखलेली आहे. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी त्यांना प्रामाण्य येत नाही, या आशयाचा निर्वाळा शंकराचार्यांनी गीताभाष्यात दिला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला तर ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुकथनकर व त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हस्तलिखितांतील समान पाठ, समान प्रक्षेप आणि समान चुका यांवरून त्यांची कुळे लावली आणि त्या सर्वांमागच्या समाईक संहितेचा माग काढला. ती मूळ प्रत कोणी पाहिलेली नाही. दोन पोथ्यांत एकच चूक त्याच ठिकाणी आढळली, तर त्या एका वंशातील असाव्यात, असे संपादक मानतो. दोन जीवजातींतील समान अवशेषांवरून जीवशास्त्रज्ञही तेच म्हणतो. पोथ्यांच्या बाबतीत जे अनुमान विद्वत्तेचे लक्षण ठरते, ते प्राण्यांच्या बाबतीत पाखंड ठरावे, याला तर्काचा आधार नाही. प्रमाणाच्या बाबतीतला हा पक्षपात आहे आणि या वादातील खरा नैतिक दोष तोच होय.

विज्ञान आपले निष्कर्ष बदलत असते, मग त्यावर भिस्त कशी ठेवावी, असा एक आक्षेप उरतो. लोणारच्या विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे ठरले होते. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. फरक दहापटींहून अधिक आहे. तथापि ही दुरुस्ती नव्या मोजणीने सुचवली, कोणाच्या अधिकारवाणीने नव्हे. आणि विवर आघाताने झाले हा निष्कर्ष तिने ढळला नाही. आपण कशाने खोटे ठरू हे आधी सांगून ठेवणाऱ्या विधानाची विश्वासार्हता अशा दुरुस्तीने वाढते.

याची दुसरी बाजू विवेकवाद्यांनीही ध्यानात घ्यावयास हवी. लवणासुराच्या कथेला फसलेले भूशास्त्र म्हणून हसणारा वाचकही तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे करतो. खाऱ्या पाण्याच्या त्या अगम्य खोलीला नाव देणे आणि तिच्या भयाला अर्थ देणे, हे मिथकाचे कार्य आहे. त्या कथेकडून घटनेचा दाखला मागणारा भाविक आणि तो मिळत नाही म्हणून तिला टाकणारा टीकाकार, दोघेही तिचे वाचन चुकवतात.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अभ्यासक्रमाचा भार कमी करणे हे त्याचे सांगितलेले कारण होते. त्याविरुद्ध अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुले पत्र काढले. विद्यार्थ्याचे यात एका सिद्धान्तापुरतेच नुकसान होते असे नाही. न पाहिलेल्या भूतकाळाबद्दल जबाबदारीने कसे बोलावे, याचा उत्तम वस्तुपाठ त्याच्या हातून जातो. पुढे तो इतिहास वाचील, पोथी वाचील, कदाचित न्यायासनावर बसून परिस्थितिजन्य पुरावा तोलील. त्या प्रत्येक ठिकाणी ‘पाहिले कोणी?’ एवढेच विचारून त्याला थांबता येणार नाही. खूण कोणती आणि ती आणखी कशाने झाली असती, हे त्याला विचारावे लागेल.