जखमेवरचा पडदा आणि आपलं व्रत

 

मधुमेहामुळे पायाची जखम महिनोन्महिने भरत नसली, की डॉक्टर कधी कधी प्राण्याच्या शरीरातून काढलेला पडदा लावायला सांगतात. अनुग्रह घेताना आपण मांसाहार सोडला, मग हे चालतं का, असं गटावर विचारलं गेलं. दोन ओळींत उत्तर देणं आम्हाला जमलं नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून 'कोलेडर्म' हा पडदा तयार केला, २०२३ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली. प्राण्याच्या पेशी काढून टाकतात, उरते ती नुसती जाळी. तिच्या आधाराने आपलीच कातडी भरून येते. असे पडदे टिकवायची एक पद्धत म्हणजे गोठवून वाळवणं. गोठवलेला पडदा निर्वात पेटीत ठेवला की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. उन्हात वाळवल्यासारखा तो आक्रसत नाही. पाकीट फ्रिजशिवाय टिकतं, सलाइनमध्ये भिजवलं की पुन्हा मऊ.

"या पडद्यासाठी कुणी डुक्कर मारत नाही, पित्ताशय फेकलंच जातं," असं म्हणतात. ही पळवाट आम्हाला पटत नाही. फेकलेल्या वस्तूला दाम मिळू लागला की ती फेकलेली राहत नाही.

पण मग आपलं रेशमी सोवळं? कोश उकळताना आतला जीव मरतोच. भजनातल्या पखवाजाचं कातडं? १९८२ मध्ये मानवी इन्सुलिन येईपर्यंत इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच निघायचं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आजही डुकराच्या आतड्यातून येतं. यांनी कुणाचं व्रत मोडलं असं आपण कधी म्हटलं नाही. बहुधा कुणी विचारलंच नव्हतं! जिभेच्या चवीसाठी घेणं वेगळं आणि पाय वाचवण्यासाठी घेणं वेगळं, असं आम्हाला वाटतं. घेणाऱ्याला दोष देऊ नये.

तरी एक सल राहतेच. दधीची ऋषींनी अस्थी स्वतःहून दिल्या, डुकराला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली ऊतीपेढी महत्त्वाची वाटते. १९८८ मध्ये ती सुरू झाली. बाळंतपणानंतर वारेबरोबर येणारा पातळ पडदा मातांच्या संमतीने घेतात, गोठवून वाळवतात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि जखमांसाठी देतात. आपल्या जखमेला तो चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. प्रत्येक जखमेला चालतोच असं नाही.

आणि ज्यांना प्राण्याचं काहीच नको, त्यांनी ते घरच्यांना आजच सांगावं, लिहून ठेवलं तर उत्तम. आजारी माणूस शुद्धीवर नसताना मुलांनी स्वतःच्या नेमावरून त्याच्या पायाचा निर्णय करू नये. नेम ज्याचा, निर्णय त्याचा. तो माहीत नसेल, तर डॉक्टर सांगतील ते करावं.