देणारा कोण, घेणारा कोण?

दान हे गृहस्थाश्रमाचे भूषण होय, याविषयी कोणाचाही मतभेद नाही. अन्य तिन्ही आश्रमांचा निर्वाह गृहस्थावर अवलंबून असल्यामुळेच शास्त्रकारांनी त्याला ज्येष्ठ मानले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन भेद सांगितले असून, देश, काल व पात्र पाहून, प्रत्युपकाराची अपेक्षा न धरता दिलेले दान ते सात्त्विक, असा निर्णय केला आहे. परंतु याच गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, असाही स्पष्ट आदेश आहे. येथे विचारी मनुष्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. उद्धार जर ज्याचा त्यानेच करावयाचा, तर दुसऱ्याच्या साहाय्याला स्थान कोणते? आणि साहाय्य घेणे जर अटळ असेल, तर घेणाऱ्याचा पुरुषार्थ टिकावा कसा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. छत्तीसगडातील भिलाईच्या परिसरात तो अक्षरशत्रू श्रमिकांपुढे उभा राहिला आणि त्यांनी त्याचे उत्तर स्वतःच्या हातांनी बांधून दाखवले.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारला गेला. १९५५ साली करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व प्रांतांतून लोक कामासाठी येथे आले. बंगालमधील जलपायगुडी येथील शंकर गुहा नियोगी हे त्यांपैकी एक. तारुण्यात ते या कारखान्याच्या कोकभट्टीवर कामाला होते. पुढे त्यांची नोकरी गेली. कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येई. तेथे ठेकेदारांच्या हाताखाली हजारो स्त्रीपुरुष हाताने खनिज फोडीत व वाहून नेत. १९७७ साली या मजुरांनी आपला श्रमिक संघ स्थापिला आणि आणीबाणीतील कारावासातून सुटून आलेले नियोगी त्यांचे पुढारी झाले. त्याच वर्षी जून महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात अकरा जणांना प्राण गमवावे लागले.

संघामुळे मजुरी वाढली. पण वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्याकडे वळू लागला. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू, हे गीतेचे मर्म येथे प्रत्यक्ष दिसून आले. ठेकेदाराशी झगडणे एक वेळ सोपे, स्वतःच्या जिभेशी झगडणे कठीण. तरीही संघाने व्यसनमुक्तीचा निश्चय केला, स्त्रियांनी तो उचलून धरला आणि सहस्रावधी कुटुंबांतून दारू हद्दपार झाली.

दुसरे संकट आरोग्याचे होते. संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी योग्य उपचारांअभावी मरण पावल्या. जी स्त्री शेकडो भगिनींच्या पाठीशी उभी राहिली, तिच्यासाठी ऐन वेळी कोणी उभे राहिले नाही, हे शल्य सर्वांच्या मनात सलत राहिले. या शोकातून श्रमिकांनी संकल्प केला की, आपले रुग्णालय आपणच बांधावयाचे. १९८२ च्या जानेवारीत लहानसा दवाखाना सुरू झाला. दिवसभर खाणीत राबून आलेल्या माणसांनी वर्गणी जमवली, श्रमदान केले, आणि ३ जून १९८३ रोजी पंधरा खाटांचे शहीद रुग्णालय उघडले. गोळीबारात पडलेल्या सहकाऱ्यांचे ते स्मारक होते. त्याचे उद्घाटन कोणा मंत्र्याच्या हस्ते नव्हे, तर एका वयोवृद्ध खाणकामगाराच्या आणि एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या हस्ते झाले.

यावर कोणी म्हणेल, गरिबांच्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी कशासाठी? एखाद्या धनिकाने मनात आणले असते तर हीच इमारत थोड्या अवधीत उभी राहिली असती. आक्षेप वरवर योग्य दिसतो. इमारत खरोखरच उभी राहिली असती. पण तिच्या दारात मनुष्य कसा उभा राहिला असता? दुसऱ्याच्या कृपेने चालणाऱ्या घरात रुग्ण हात जोडून उभा असतो. जिच्या मजुरीतला एक रुपया भिंतीत गेला आहे, ती स्त्री त्याच दारातून मान ताठ ठेवून आत येते, चुकले तेथे जाब विचारते आणि बरी झाल्यावर दुसऱ्या रुग्णाच्या उशाशी बसते. कित्येक श्रमिकांनी शुश्रूषेचे शिक्षण घेऊन खाणीतल्या कामानंतर येथे सेवा केली, ती याच भावनेने.

मग कोणी उलट टोकाला जाऊन म्हणेल, दीनांनी आपला उद्धार आपणच करावा हे सिद्ध झाले. आता सुस्थितीतील गृहस्थाचे कर्तव्य संपले. हा तर्क त्याहून सदोष आहे. श्रमिकांपाशी विटा होत्या, हात होते, वैद्यकशास्त्र नव्हते. ते घेऊन डॉ. आशीष कुंडू, डॉ. विनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे सुशिक्षित वैद्य शहरातील अर्थार्जनाचा मार्ग सोडून तेथे आले. त्यांनी दिले ते दान म्हणावे काय? ज्या विद्येचा खर्च समाजाने सोसला, ती समाजाकडे परत गेली. ऋण फेडणारा स्वतःला दाता समजत नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे जे तत्त्व सांगितले आहे, ते परस्परांचे पोषण करण्याचे आहे. तेथे एक केवळ देणारा आणि दुसरा केवळ घेणारा, अशी वाटणी नाही. जो घेतो आणि परत देत नाही, त्याला तेथे चोर म्हटले आहे. तर मग ज्याला परत देण्याची संधीच मिळू दिली जात नाही, त्याच्यावर केवढा अन्याय होतो, याचा विचार दात्यानेच करावयास हवा.

परंतु ज्याचे शरीरच रोगाने पोखरले आहे, त्याने काय द्यावे? याचे उत्तरही त्याच छत्तीसगडात, चांपा येथे एका मराठी माणसाने दिले आहे. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील नोकर. त्यांना कुष्ठरोग जडला. समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णाने १९६२ साली अन्य रुग्णांसाठी भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापिला. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले आणि आयुष्यभर रुग्णांच्या संगतीतच राहिले. तेथील रोगमुक्त मंडळी शेती करतात, विणकाम करतात. ज्यांच्या झडलेल्या बोटांकडे जगाने भिक्षापात्र म्हणून पाहिले, त्यांच्या श्रमाने आश्रमाचा संसार चालू लागला. बापटांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचा देहही वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला.

अर्थात अर्भक, मरणासन्न वृद्ध, भ्रमिष्ट यांच्याकडून काहीच परत येणार नाही. तेथे हिशेब न करता द्यावे. पण इतर सर्व ठिकाणी दान देताना पात्र पाहावे याचा अर्थ एवढाच नव्हे की घेणारा योग्य आहे की नाही हे तपासावे. आपल्या देण्याने तो उद्या देणारा होईल की नाही, हेही पाहावे.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाई येथे झोपेत असताना नियोगींची हत्या झाली. रुग्णालय मात्र बंद पडले नाही. त्याच्या खाटा पुढे अनेक पटींनी वाढल्या. एकट्या दात्याच्या आधारावर उभे असते, तर ते त्याच्यामागे टिकते ना. असंख्य घेणाऱ्यांनी देऊन ते उभे केले होते.

प्रत्येक गृहस्थाच्या दारी ही परीक्षा रोज येते. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीची फी भरली, आणि श्रावणात ती बाई आपल्या परसातली अळूची जुडी घेऊन आली, तर ‘कशाला आणलेस?’ म्हणून ती परत करू नये. ती जुडी दोन्ही हातांनी घ्यावी. दिलेले दान त्या क्षणी पूर्ण होते.