फसलं तर भरायचं कोणी?

गेल्या दिवाळीत साकोलीला घरी गेलो होतो. फराळ झाल्यावर काकांनी विचारलं, "पोरगीले फुटबॉल खेळू द्याचा का नाही? तू इंजिनिअर हायेस, तूच सांग." माझी चुलत बहीण दहावीत आहे. शाळेच्या संघात खेळते. तिच्या क्रीडाशिक्षकांचं म्हणणं होतं, अकरावीपासून तिला नागपूरला ठेवा, रोजचा सराव मिळेल. काकांच्या डोक्यातही नागपूरच होतं, पण 'नीट'च्या क्लाससाठी. दीड एकर धानातून दोन्हींचा खर्च निघणार नव्हता. मी "बघू" म्हणालो आणि विषय टाळला.

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. सवयीप्रमाणे मी आधी आकडे मांडले. 2023 साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिला खेळाडूंसाठी किमान वेतन जाहीर केलं : वर्षाला 3.2 लाख रुपये. हा आकडा वाचून मला हसू आलं, कारण माझं पहिलं पॅकेज साधारण एवढंच होतं. फरक इतकाच, की तिथं पोचायला मला देशातल्या मोजक्या खेळाडूंत यावं लागलं नव्हतं. कॉलेजच्या एका हॉलमध्ये आमच्यातल्या कित्येकांना एकाच दिवशी ते मिळालं होतं.

म्हणजे काकांचं बरोबर? तसं ठरवणारच होतो, तेवढ्यात 2020 च्या मुली आठवल्या.

मुलींचा 17 वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर 2020 मध्ये भारतात होणार होता. भारताच्या महिला संघाने तोवर कुठलाच विश्वचषक खेळला नव्हता. यजमान म्हणून थेट प्रवेश होता. शिबिरं सुरू झाली, परदेशी प्रशिक्षक आला. मग कोरोना आला. स्पर्धा आधी 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रद्दच केली. भारताला पुढची, 2022 ची स्पर्धा मिळाली. देशाचं काही गेलं नाही. पण 2022 साठी अट होती, जन्म 1 जानेवारी 2005 किंवा त्यानंतरचा हवा. 2003 आणि 2004 साली जन्मलेल्या मुली एका फटक्यात बाद झाल्या. त्यांचा खेळ खालावला नव्हता, कुणाचा पाय मोडला म्हणूनही नाही. फक्त वय वाढलं होतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये भुवनेश्वरला नवा संघ खेळला. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. एकही गोल करता आला नाही. त्या एकवीस जणींत पुण्याची काजोल डिसूझा होती. हरल्या, पण खेळल्या. आधीच्या मुलींच्या नावावर तो पराभवही नाही.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1976 मध्ये 'नैतिक नशीब' या विषयावर एक निबंध वाचला होता. त्यात चित्रकार गोगँचं उदाहरण आहे. बायकामुलांना मागे ठेवून तो चित्रं काढायला ताहितीला जातो. हा निर्णय योग्य की अयोग्य? विल्यम्सचं म्हणणं, ते आधी सांगताच येत नाही. थोर चित्रकार झाला तर निर्णयाला काही समर्थन मिळतं, नाहीतर नाही. आपणही असंच बोलतो. पोरगी भारताकडून खेळली तर 'बापाने हिंमत केली', नाही खेळली तर 'बापाने पोरीचं वाटोळं केलं'. बाप तोच, निर्णयही तोच.

पण विल्यम्स पुढे एक भेद करतो आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. गोगँकडे प्रतिभाच नव्हती असं निघालं, तर त्याचा निर्णय चुकला म्हणता येईल. पण वाटेत अपघात होऊन तो जायबंदी झाला, तर बेत फसला एवढंच म्हणता येतं. निर्णय चुकीचा होता हे त्यातून सिद्ध होत नाही. 2020 च्या मुली या दुसऱ्या प्रकारात येतात. तरी त्यांच्या गावात कुणीतरी नक्की म्हणालं असेल, 'सांगत होतो ना.'

मीही नशिबाचंच खातोय. माझी बॅच 2019 ची. माझ्यामागच्या बॅचमधल्या एका मित्राच्या हातात ऑफर लेटर होतं. त्याची जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबली आणि मग कंपनीने मेलला उत्तर देणंच थांबवलं. मी त्याच्यापेक्षा हुशार नाही. एक वर्ष आधी जन्मलो, इतकंच. पण तो बसला नाही. दुसरीकडे अर्ज केले आणि दीड वर्षाने लागला. त्याची डिग्री कुणी वयाच्या अटीने रद्द केली नाही.

तेव्हा लक्षात आलं, की इंजिनिअरिंग 'सेफ' आणि फुटबॉल 'जुगार' हे आपलं म्हणणं अर्धवट आहे. नशीब दोन्हीकडे आहे. इंजिनिअर पडला तर खाली जाळी आहे. खेळाडू पडली तर खाली फक्त तिचे आईबाप आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते पदक किंवा स्थान मिळवलेल्यांसाठी. न झालेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. एक खेळाडू पुढे यायची तर तिच्यासोबत शंभर जणींनी सराव करावा लागतो. टाळ्या आपण सगळे वाजवतो. उरलेल्या नव्याण्णव जणींचं बिल मात्र नव्याण्णव घरं भरतात, त्यातलं एखादं दीड एकरवालं.

म्हणून 'खेळू द्यायचं की नाही' हा प्रश्नच मला अपुरा वाटायला लागला. खरा प्रश्न, फसलं तर भरायचं कोणी? काकांना एकट्याने भरायचं असेल, तर त्यांची भीती हा मागासपणा नाही, तो सरळ हिशेब आहे. त्यांना धीर धरा म्हणून सांगणं सोपं आहे. त्यात माझं काहीच जात नाही.

मागच्या महिन्यात काकांना फोन केला. म्हटलं, दोन वर्षं खेळू द्या. बारावीनंतर जमलं नाही, तर क्लासचं आणि वाया गेलेल्या वर्षाचं मी भरतो. लिहून देतो हवं तर. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आन् जमलं तं?"

"जमलं तर तिचं," मी म्हटलं.

"लिहून नको देऊ," ते म्हणाले, "तिले बूट घेऊन दे आधी. शाळेचे फाटले."