एका खर्चात दोन

वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे हा सगळा कारखान्यांच्या गाळ्यांचा पट्टा. दिवस भरला तर पगार, ओव्हरटाइम मिळाला तर शिल्लक. अशा घरात टेस्ट ट्यूब बेबीचा (आयव्हीएफचा) विषय निघाला की पहिला हिशेब पैशांचाच. खासगी केंद्रात उपचाराच्या एका फेरीला औषधं धरून लाख-दोन लाख सहज जातात आणि बहुतेक विमा पॉलिसींत वंध्यत्व वगळलेलं असतं. मग दागिने गहाण पडतात, पतसंस्थेचं कर्ज निघतं. गर्भाशयात गर्भ सोडताना, म्हणजे ट्रान्सफरच्या वेळी, एक सोडायचा की दोन, असं विचारलं तर नवरा-बायको काय सांगणार? दोन सोडा. जुळं झालं तर एकाच खर्चात सुटलो.

हा हिशेब अडाणीपणाचा नाही. फक्त त्यात एक रक्कम धरलेली नसते. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. वजन कमी, फुप्फुसं कच्ची. मग काचेची पेटी. आईलाही रक्तदाबाचा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नवजात अतिदक्षता विभागाचं (एनआयसीयूचं) बिल दिवसावर चढतं. आयव्हीएफ केंद्राच्या जाहिरातीत मात्र गर्भ राहिला की यश. पेटीतले दिवस दुसऱ्याच रुग्णालयाच्या वहीत.

६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा ही तेव्हा देशातली पहिली मानली गेलेली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा तिच्यामागच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्यापुढे प्रश्न होता तो मूल होईल का, एवढाच. ती हर्षा २०१६मध्ये स्वतः आई झाली. पुढे आनंद कुमारांनी देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं श्रेय कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना दिलं. मुखोपाध्यायांनी १९७८मध्येच गोठवलेला गर्भ वापरला होता. आज एकच गर्भ सोडून बाकीचे राखून ठेवता येतात, ते याच गोठवण्याच्या जोरावर.

स्कँडिनेव्हियात ६६१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. एक ताजा गर्भ आणि तो राहिला नाही तर पुढे एक गोठवलेला, अशा क्रमाने ३८.८ टक्के स्त्रियांना मूल झालं. दोन एकदम सोडल्यावर ४२.९ टक्क्यांना. पण पहिल्या गटातल्या प्रसूतींत जुळी ०.८ टक्के, दुसऱ्यात ३३.१. गोठवलेल्या गर्भाची बाळं थोडी वजनदार असतात, आईचा रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त. तरी जुळ्यांच्या धोक्यापुढे ते कमीच.

चार टक्क्यांचा तो फरक स्वीडनमध्ये सोसवतो, कारण तिथे उपचाराचा मोठा भार सरकार उचलतं. सातिवलीत ते चार टक्के म्हणजे कर्ज. दुसऱ्या ट्रान्सफरला पुन्हा पैसे, पुन्हा खाडा, गोठवलेल्या गर्भाचं वर्षाचं भाडं वेगळं. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. म्हणजे तिथल्या पेटीचा खर्च सरकार करतं. ती पेटी टाळू शकेल अशा दुसऱ्या ट्रान्सफरचा खर्च जोडप्याने करायचा. गोव्याने २०२३मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ मोफत सुरू केलं. तिथे एकच गर्भ सोडा म्हणायला कुणाला दागिन्यांकडे बघावं लागत नाही.